सोनेरी अमोनाइटला मुंबईचा पावसाळा सोसत नाही

प्रश्न: भाच्याने इंग्लंडमध्ये, डॉर्सेटच्या चारमथ किनाऱ्यावर वेचलेले सोनेरी अमोनाइट (नामशेष सागरी जीवांच्या गोल शंखांचे जीवाश्म) मला आणून दिले. शोकेसमध्ये कापसावर ठेवले होते. जुलैपासून त्यांवर पांढरट-पिवळी पूड धरतेय, गंधकाचा वास येतो, खालची चिठ्ठी करपल्यासारखी झाली. धुऊन वॉर्निश लावू का? आणि सासूबाई विचारतात, शाळिग्रामालाही हा रोग होतो का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: धुऊ नका, आणि वॉर्निशची बाटली तर उघडूच नका. ती सोनेरी झाक पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाची. दमट हवेत त्याचं लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल होतं. चिठ्ठी त्या आम्लानेच खाल्ली. सल्फेट फुगतं आणि जीवाश्म आतून फुटतो. वॉर्निशखाली हे सगळं बिनबोभाट चालूच राहतं.

आधी पूड धरलेले नग बाकीच्यांपासून वेगळे करा. हातमोजे, मास्क घालून मऊ, कोरड्या ब्रशने पूड झटका. कापूस फेकून द्या. चिठ्ठीचा फोटो काढा, मजकूर नव्या कागदावर उतरवा: कुठे, कधी सापडला हे हरवलं तर उरतो नुसता शोभेचा दगड. मुरलेलं आम्ल मारायला अमोनियाची वाफ देतात, पण ते जतनतज्ज्ञाचं काम. स्वयंपाकघरात प्रयोग नको.

खरी लढाई आर्द्रतेशी. ६० टक्क्यांच्या वर ऱ्हास झपाट्याने होतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ८०-८५ टक्के ही रोजचीच गोष्ट. रात्रीपुरता एसी लावून भागत नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या (लाकडी नको, लाकडातूनही आम्लाची वाफ सुटते), त्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. काटा ४५च्या खाली राहू द्या. जेल नारिंगी घ्या. निळ्यात आरोग्याला घातक कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरा. झालेली झीज भरून येणार नाही, पण पुढची थांबेल.

सासूबाईंना सांगा, गंडकीचा शाळिग्रामही मुळात अमोनाइटच. त्यात सोनेरी रेघ असेल तर तेही बहुधा पायराइट. पण चकचकीत, भरड स्फटिकांचं पायराइट बारीक कणांच्या पायराइटपेक्षा पुष्कळ टिकतं. अभिषेक झाल्यावर लगेच कोरडा पुसावा. पूड दिसली, तर मात्र रोजचं स्नान बंद, तुळशीपत्रावर भागवावं.