रांगेत ढकलाढकली करणारं पोर

"मॅडम, आमचं पोर हायपर आहे काय? टीचर म्हणाल्या, एकदा दाखवून घ्या." खानापूर तालुक्यातून बेळगावला माझ्याकडे आलेली ही आई रडवेली झाली होती. मुलगा चार वर्षांचा. अंगणवाडीत ढकलतो, चिमटे काढतो, ही तक्रार. असा प्रश्न घेऊन पुष्कळ आया येतात.

मी विचारलं, "हे कधी करतो?" तिला सांगता येईना. मग टीचरना निरोप दिला, फक्त वेळ टिपून ठेवा. टिपण बोलकं निघालं. हात धुवायच्या रांगेत, ताटाची वाट बघताना, घरी जायच्या आधी चपला घालताना. गोष्ट ऐकताना किंवा मातीत खेळताना एकदाही नाही. घरी तर आजीजवळ बसून शेंगा सोलतो. अतिचंचलतेचं, म्हणजे आई म्हणाली त्या 'हायपर'चं, निदान करायचं तर लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिने तरी दिसावी लागतात. इथं तसं काही नव्हतं. एका नळासमोर सगळा वर्ग उभा आणि हाताला काम नाही! त्या वयाला "गप उभा राहा" याहून अवघड काम नाही.

म्हणून आम्ही मुलाला सोडून दोन कामांमधल्या त्या वाट बघायच्या वेळेकडे वळलो. टीचरवर रजिस्टर, वजनं, आहार असा भार असतोच, त्यामुळे वेगळं साहित्य लागेल असं काही मी सुचवलं नाही. सगळ्यांना एकदम उठवायचं नाही. "ज्यांच्या कपड्यात लाल रंग आहे ते या", मग "ज्यांचं नाव 'स'नं सुरू होतं ते या." हात चोळताना दहापर्यंत एकदा मराठीत, एकदा कन्नडात मोजायचं, ओंदु, एरडु, मूरु... हळू मोजलं की वीसेक सेकंद होतात, आणि हात स्वच्छ व्हायला तेवढी लागतातच. ताटांचं काम या पोराकडेच दिलं. एका मुलापुढे एक ताट ठेवत जाणं हे गणितच आहे. बाकीच्यांसाठी कापडी पिशवीत भाताची लोंबी, चिंचोका, काजूची बी. न बघता हात घालून ओळखायचं. मला स्वतःला ही पिशवी फार आवडते, कारण ओळखल्यावर मुलं आपोआप बोलू लागतात.

ढकलणं कमी झालं. पूर्ण थांबलं नाही, चार वर्षांच्या मुलाकडून तशी अपेक्षाही धरू नये. आईला सांगितलं, बसची वाट बघतानाही हेच करा. लाल गाड्या मोजा.

मात्र मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोलणं फार मागे असेल किंवा सगळीकडेच स्वतःला नि इतरांना इजा करत असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवा, नाहीतर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.