गायरानात सांडपाणी प्रकल्प : हरकत घ्यायची ती जागेवर

प्रश्न : आमचं गाव मुळशी तालुक्यात आहे. गावाला लागून मोठे गृहप्रकल्प झाले, त्यांचं मैलापाणी ओढ्याला येतं आणि आमच्या विहिरीच्या पाण्याला वास मारतो. आता ग्रामपंचायतीने गायरानात सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधायचा ठराव केला आहे. ड्रेनेज लाइनचा खर्च बिल्डर करणार म्हणतात. ड्रेनेज आम्हालाही हवंय, पण गुरं चारायला एवढीच जागा उरली आहे. हरकत घ्यावी का?

उत्तर : ताई, हरकत जरूर घ्या, पण ड्रेनेजला नको, जागेला घ्या. तुमच्या अर्जात 'प्रकल्पाला विरोध' एवढेच शब्द असतील, तर उद्या ओढ्याच्या घाणीचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल.

आधी गायरानाचा सातबारा काढा. बहुतेक गावांत ती जमीन सरकारची असते, ग्रामपंचायत फक्त सांभाळते. तसं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव ही नुसती शिफारस झाली, जमिनीचा वापर त्याने बदलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22-अ नुसार सरकारी किंवा सार्वजनिक प्रकल्पासाठी गायरान देता येतं, पण दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच. खासगी प्रकल्पासाठी लागणार असेल, तर गायरानाच्या दुप्पट क्षेत्राची पर्यायी जमीन सरकारला द्यावी लागते.

तुमच्या प्रकरणाची मेख इथेच आहे. हा प्रकल्प नक्की कोणाचा? कागदावर ग्रामपंचायतीचा, लाइनचा पैसा बिल्डरचा, आणि पाणी मुख्यतः त्याच्याच इमारतींचं! मग दुप्पट जमिनीची अट चुकवण्यासाठी पंचायतीचं नाव पुढे केलं आहे का, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि सांडपाण्यावर आवारातच प्रक्रिया करण्याची अट त्या मंजुरीत सहसा असते. माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा : त्या मंजुरीची प्रत, प्रकल्प अहवाल, आणि गावातल्या इतर सरकारी जमिनींची यादी. अहवालात केंद्राची क्षमता पाहा. आजच्या गरजेच्या कितीतरी पट धरली असेल, तर पुढच्या इमारतींची सोय आत्ताच होते आहे असं समजा. लाइन आली की आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडायला वेळ लागत नाही.

अनेक जण सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल पुढे करतात. तो गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल आहे. अर्जात उल्लेख करा, पण खऱ्याखुऱ्या सार्वजनिक प्रकल्पाला तो एकटा थोपवणार नाही. तुमची भिस्त कलम 22-अ वरच ठेवा.

ओढ्याची तक्रार मात्र यात मिसळू नका. ती वेगळी करा, आजच करा. विहिरीच्या पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या, पंचनाम्याची मागणी करा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्या. 1974 च्या जल कायद्याप्रमाणे मंडळाच्या संमतीशिवाय ओढ्यात सांडपाणी सोडता येत नाही. मंडळ हललं नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्यात खंडपीठ आहे. तिथे वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, त्यानंतर सबळ कारणाने फार तर 60 दिवसांची सवलत मिळते.

जिल्हाधिकाऱ्यांनी गायरान देण्याचा आदेश काढला, तर विभागीय आयुक्तांकडे अपिलाला 90 दिवस असतात. पण तिथवर थांबू नका. आदेशाआधीची हरकत जास्त उपयोगाची, कारण ती नोंदवली गेली की तिच्यावर कारण न देता आदेश काढणं अवघड जातं. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

आणि हरकतीत एक प्रश्न नक्की घाला : केंद्र बांधल्यावर त्याचं वीजबिल, ऑपरेटरचा पगार आणि गाळ उचलायचा खर्च कोण भरणार, आणि बिल्डरशी तसा नोंदणीकृत करार झाला आहे का? यावर पंचायतीकडून लेखी उत्तर आलं, तर ते घेऊन मला पुन्हा लिहा.