दशांश, दशमांश आणि लेव्यांचं वतन

प्रश्न असा आला आहे: "'दशांश' बरोबर की 'दशमांश'? एका लेखात वाचलं की प्राचीन इस्राएलात लोक आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुजाऱ्याला दक्षिणा म्हणून देत, त्याला दशांश म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि दशमांश 'देणे' म्हणावं की 'भरणे'?"

पहिल्या भागाचं उत्तर दोन ओळींत आटपतो. दोन्ही शब्द शुद्ध आहेत. 'दशांश' चुकीचा म्हणणाऱ्यांनी पुरश्चरणाचा विधी आठवावा: जपाच्या दशांश हवन, हवनाच्या दशांश तर्पण, तिथे दहावा भागच अभिप्रेत आहे. पण मराठीत आता 'दशांश' म्हटलं की गणिताच्या वहीतलं टिंब डोळ्यांपुढे येतं. म्हणून या संदर्भात 'दशमांश' लिहावा. मराठी बायबलातही तोच आहे. झालं.

आता त्या 'पुजाऱ्याला दक्षिणा'कडे वळू. हे वाक्य माझ्या डोक्यात जातं, कारण ते मी सतत ऐकतो. प्रवचनात, दिवाळी अंकात, स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत, सगळीकडे. त्यातला 'पुजाऱ्याला' चूक आहे आणि 'दक्षिणा' त्याहून चूक आहे.

दक्षिणा यजमान देतो. कुणाला द्यायची, किती द्यायची हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं, आणि कमी दिली तर भटजी फार तर तोंड वाकडं करतो. मोशेच्या नियमशास्त्रातला दशमांश तसा नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाचा 18वा अध्याय उघडा. तिथे परमेश्वर सांगतो, इस्राएलातला सगळा दशमांश मी लेवीच्या वंशजांना दिला आहे. (लेवीचा वंश हा इस्राएलाच्या वंशांपैकी एक, त्यातली माणसं म्हणजे लेवी.) 'दिला आहे' हे नीट वाचा. शेतकऱ्यानं द्यायच्या आधीच तो लेव्यांचा झालेला आहे. शेतकरी फक्त पोचवतो. कशाबद्दल? दर्शनमंडपाची, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या देवाच्या तंबूची, जी सेवा ते करतात तिच्या बदल्यात. पुढे त्याच अध्यायात त्याला सरळ 'मोबदला' म्हटलं आहे.

आणि ही सेवा कसली? लेवी म्हणजे पुजारी नव्हेत. पुजारी, म्हणजे बायबलच्या मराठीत याजक, हे लेव्यांपैकी फक्त अहरोनाचे, म्हणजे मोशेच्या भावाचे, वंशज. बाकीचे लेवी हमाल, पहारेकरी आणि मांडववाले. दर्शनमंडप उचलायचा, न्यायचा, पुन्हा उभा करायचा. गेर्षोनाच्या घराण्याकडे पडदे आणि कनाती, त्यांना 2 गाड्या व 4 बैल. मरारीच्या घराण्याकडे फळ्या, खांब आणि उथळ्या, म्हणजे सगळं अवजड सामान, म्हणून 4 गाड्या व 8 बैल. कहाथाच्या घराण्याला गाडी नाहीच, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. वय 30 ते 50. ही माणसं दक्षिणा घेणारी वाटतात का?

याजकाला या दशमांशातलं काय मिळे? लेव्यांना आलेल्या दशमांशाचा दशमांश. म्हणजे शेतकऱ्याच्या राशीचा शतांश! ज्यांना 'धर्मगुरूचा दशांश' लिहायची फार हौस आहे त्यांनी निदान हा भागाकार करावा. (याजकाची इतर मिळकत वेगळी होती, त्यात काही कमी नव्हतं: धान्य, द्राक्षारस आणि तेलाचं प्रथमफळ, मेंढरांची पहिली लोकर, यज्ञपशूचा ऊर आणि उजवी मांडी, बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात तर पुढचा पाय, दोन्ही जबडे आणि कोठा असा अगदी खाटकाच्या ठोकळ्यावरचा हिशेब आहे. थोरल्या मुलाची सोडवणूक करायची तर 5 शेकेल चांदी. तो ऊर परमेश्वरासमोर हलवून दाखवायचा असे. त्या क्रियेला मराठी भाषांतरकारांनी 'ओवाळणे' शब्द योजला, तो मला फार आवडतो.)

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते सांगतो. गणनेच्या त्याच अध्यायात दशमांशाला जो हिब्रू शब्द लावला आहे तो 'नहला', आणि मराठी बायबलानं त्यासाठी घेतलेला शब्द आहे 'वतन'. काय नेमका शब्द सापडला आहे पाहा! अरबीत वतन म्हणजे मायभूमी, राहायचं ठिकाण. उर्दू-हिंदीत तोच अर्थ राहिला, म्हणून तिकडे 'ऐ वतन' म्हणून गळे दाटतात. मराठीनं मात्र तो शब्द गावच्या चावडीवर आणला आणि त्याचा अर्थ केला 'वंशपरंपरेनं चालणारं काम आणि त्या कामाबद्दल गावाच्या उत्पन्नातला ठरलेला हक्क'. पाटीलकी वतन, कुलकर्ण वतन, जोशीपण वतन. वतनाला जमीन असते, पण नसली तरी चालतं. राशीवरचा हक्क पुरे. लेव्यांची स्थिती तंतोतंत हीच होती. बाकीच्या वंशांना कनानात जमिनीचे वाटे मिळाले, लेव्यांना नाही. राहायला 48 गावं आणि गावाभोवती गुरांपुरती शिवारं, त्यातली 13 गावं याजकांची. नांगर धरायला शेत नाही. त्याऐवजी दहावा हिस्सा, तोच त्यांचा 'नहला'. हिब्रूतही हा शब्द एरवी जमिनीच्या वारसालाच लागतो. इथे तो जमिनीवरून उचलून हक्काला लावला आहे. 'वारसा' म्हटलं असतं तर कामाचा संबंध तुटला असता. 'देणगी' म्हटलं असतं तर हक्क गेला असता. 'वतन'मध्ये दोन्ही आहेत.

मी तर पुढे जाऊन म्हणतो की हा योगायोग नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ज्या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या पंडितांनी हे मराठी घडवलं, ते दख्खनच्या वसुलाच्या बोलीत बुडालेले होते. पुरावा? 'गेर' या हिब्रू शब्दाला, म्हणजे बाहेरून येऊन राहिलेल्या, जमिनीचा हक्क नसलेल्या माणसाला, मराठी बायबल 'उपरी' म्हणतं. मराठ्यांच्या काळचे कागद ज्यांनी चाळले आहेत ते इथे टाळी देतील. गावात दोन तऱ्हेचे कुळवाडी: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन पिढीजात, उपरी आज आहे उद्या नाही. आणि दशमांशाच्या नियमात लेवी आणि उपरी शेजारी शेजारी बसलेले आहेत! अनुवादाच्या 14व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घाला असं सांगितलं आहे. चौघांत समान काय? चौघांच्याही नावावर जमीन नाही. ही यादी दानधर्माची वाटते, पण ती भूमिहीनांची यादी आहे.

वतनाची दुसरी बाजूही या शब्दात आपोआप येते. हक्क म्हणजे बेडीही. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याचसाठी: वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात सगळं घराणं पिढ्यानपिढ्या कामाला जुंपलेलं. लेव्याचंही तसंच. राशी भरल्या तर पोट भरलं, नाही तर उपास. नहेम्या या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात हे घडलेलं दिसतं. यहूदा प्रांताचा अधिकारी नहेम्या परदेशातून यरुशलेमेला परततो तर मंदिराच्या ज्या कोठीत दशमांश ठेवायचा ती तोबीया नावाच्या बड्या माणसाला राहायला दिलेली, लेव्यांचे वाटे थकलेले, आणि लेवी देवाची चाकरी सोडून आपापल्या शेतांवर पळालेले. (शेतं कुठून आली, असं विचारू नका, कायदा आणि व्यवहार यांत तेव्हाही अंतर होतं.) नहेम्यानं तोबीयाचं सामानसुमान बाहेर फेकलं, कोठीवर विश्वासू कारभारी नेमले आणि वसूल पुन्हा सुरू केला.

'लेवी' या शब्दाबद्दलही जाता जाता. काही पंडित अरबस्तानातल्या दक्षिण-अरबी शिलालेखांतला 'लव्अ' हा शब्द धरून बसतात आणि लेवी म्हणजे देवाकडे तारण ठेवलेला माणूस, असं सांगतात. शोध चमकदार आहे, पण घरात दिवा असताना शेजारी काडेपेटी मागायला कशाला जायचं? हिब्रूत 'लावा' म्हणजे जोडला जाणं, चिकटून राहणं. याकोबाची बायको लेआ मुलाचं नाव लेवी ठेवते तेव्हा 'आता नवरा मला जडून राहील' म्हणते. आणि गणनेच्या 18व्याच अध्यायात, जिथे दशमांश ठरतो तिथे, अहरोनाला सांगितलं आहे की लेव्यांना जवळ आण, म्हणजे ते तुला 'जोडले' जातील. क्रियापद तेच. कायदा लिहिणाऱ्यानं शब्दाची फोड स्वतःच करून ठेवली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीनं ती कितपत मूळची, यावर खुशाल वाद घाला. पण लिहिणाऱ्याच्या कानात लेवी म्हणजे 'जोडलेला' हेच वाजत होतं, याला शिलालेखांची गरज नाही.

एकोणिसाव्या शतकातला जर्मन बायबल-अभ्यासक वेलहाउझेन याचं नाव घेऊन कुणी मला गप्प करील म्हणून तेही सांगून टाकतो. त्याच्या मते मूळचा दशमांश म्हणजे शेतकऱ्यानं देवस्थानी जाऊन केलेली मेजवानी, आणि वाढत्या याजकवर्गानं पुढे तिचा कर करून टाकला. मेजवानीचं खरं आहे. अनुवादात स्पष्ट लिहिलं आहे की दशमांश निवडलेल्या ठिकाणी नेऊन स्वतः खा. लांब पडत असेल तर विकून चांदी गाठीला बांध आणि तिथे जाऊन बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्य, जे मनाला येईल ते घेऊन कुटुंबासह मजा कर. दक्षिणावाल्यांनी हे वाक्य वाचलेलंच नसतं. पण म्हणून 'कर' नंतरचा, हे कशावरून? संदेष्टा शमुवेल लोकांना बजावतो की राजा मागाल तर तो तुमच्या धान्याचा आणि द्राक्षमळ्यांचा दहावा हिस्सा घेऊन आपल्या चाकरांना वाटेल. बाबेलकडेही (बॅबिलोनमध्ये) देवळांना दहावा हिस्सा जात असे, नाव 'एश्रू', मूळ तेच दहाचं. दहावा हिस्सा कधी देवळाचा, कधी राजाचा, कधी पंगतीचा. त्याची एकच सरळ वंशावळ काढणं हा प्राध्यापकी हट्ट आहे.

पुढे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांनी, या दोन्ही नियमांचा मेळ घातला तो व्यवहारी आहे. लेव्याचा तो पहिला दशमांश, यरुशलेमेत खायचा तो दुसरा, आणि तिसऱ्या व सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या जागी गरिबांचा. सातव्या वर्षी जमीन पडीक, म्हणून काहीच नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस यानं तिसऱ्या वर्षी तिन्ही दशमांश धरले आहेत, ते मला शेतकऱ्यावर जास्तच जड वाटतं. 100 पोती घ्या. आधी याजकाचा वाटा, ना सढळ ना आखडत्या हाताच्या माणसाचा पन्नासावा, म्हणजे 2. उरली 98. पहिला दशमांश 9.8, उरली 88.2. दुसरा 8.82. घरात 79.38. (बघा, दशांशचिन्ह आलंच.)

जनावरांचा दशमांश तर डोळ्यांनी पाहावा असा. मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, वर्णन आहे: करडं-कोकरं वाड्यात कोंडायची, दोन एकदम निसटणार नाहीत एवढंच लहान दार ठेवायचं, काठीनं मोजत जायचं आणि दहाव्याला लाल रंगाची खूण करून म्हणायचं, हा दशमांश. चांगलं-वाईट निवडायचं नाही. मोजताना चूक होऊन नवव्याला दहावं आणि दहाव्याला नववं म्हटलं, वर अकराव्यालाही दहावं म्हटलं, तर तिन्ही पवित्र! हिशेबात ढिलाई परवडत नसे.

एक कोटी राहिली. 'दशमांश' हा हिब्रूत 'मआसेर', 'एसेर' म्हणजे दहा यावरून. अनुवादात 'अस्सेर तअस्सेर', म्हणजे 'दशमांश काढच काढ' अशी द्विरुक्ती आहे. हिब्रूत स आणि श एकाच अक्षराचे, टिंब डावीकडे असलं तर स, उजवीकडे असलं तर श. आणि जुन्या पोथीत टिंबं नाहीतच. तेव्हा तालमूदमधल्या, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथातल्या, रब्बी योहानानानं दुसरा शब्द श धरून वाचला: दशमांश काढ म्हणजे तू श्रीमंत होशील. 'एसेर' दहा, 'ओशेर' श्रीमंती. हल्लीचे 'दहा टक्के द्या, दसपट मिळवा'वाले प्रवचनकार हीच कोटी हिशेब समजून सांगतात. रब्बींनी तरी ती कोटी म्हणून केली होती.

आणि हो, कुणीतरी सरदेशमुखीही दहा टक्के म्हणून तिला 'मराठ्यांचा दशमांश' म्हटलेलं पाहिलं. आकडा जुळला म्हणून नातं लागत नाही. सरदेशमुखी मुलखाच्या वसुलावरची राजाची मागणी, तिच्यात ना लेवी ना विधवा.

'देणे' की 'भरणे' राहिलंच. 'भरणे' नको, ते सरकारी तिजोरीचं. 'देणे' चालेल. पण खरं क्रियापद 'काढणे'. हिब्रूतलं क्रियापद देणाऱ्यालाही लागतं आणि घेणाऱ्यालाही: बेथेल इथे याकोब नवस करतो तेव्हा तो देणारा असतो, नहेम्यात लेवी गोळा करतात तेव्हा ते घेणारे, आणि शब्द एकच. मराठीत राशीतून वाटा 'काढतात', मग तो कुणाच्या पदरात का पडेना. शेतकऱ्यानं दशमांश काढला, लेव्यानं आपल्या दशमांशातून याजकाचा काढला. शब्द पुल्लिंगी. 'दशमांश काढली' कुणी लिहिलं तर खुशाल सुधारा.