टॅलीत काहींचीच बिलं जातात, बाकीच्यांना एरर: आधी ९००० पोर्ट कोणाकडे आहे ते बघा

तुम्ही लिहिलंय की पाच ऑपरेटर एकाच सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने बसतात, तीन फर्मची बिलं बिलिंग सॉफ्टवेअरमधून टॅलीप्राइममध्ये जायला हवीत, पण दोघांची जातात आणि तिघांना 'कुड नॉट सेट एसव्हीकरंटकंपनी' (म्हणजे सांगितलेली कंपनी टॅलीला निवडता आली नाही) असा मेसेज येतो. सॉफ्टवेअरवाल्याने दोनदा रिइन्स्टॉल करून दिलं, एक दिवस नीट चाललं आणि परत येरे माझ्या मागल्या. आता तिसऱ्यांदा रिइन्स्टॉल करायला देऊ नका, माझ्या मते त्यात काही बिघडलेलंच नाहीये.

मला आधी एक सांगा, सकाळी सगळ्यात पहिली टॅली कोण उघडतं? आणि ज्या दोघांचं चालतं ते त्याच फर्मवर काम करतात ना? हो असेल तर पुढचं वाचा.

टॅली बाहेरच्या सॉफ्टवेअरशी एका पोर्टवरून (म्हणजे मशीनच्या एका नंबरच्या दारातून) बोलते, आणि सेटिंग बदललं नसेल तर तो पोर्ट ९००० असतो. एका मशीनवर हा पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. आता तुमचे पाच जण वेगवेगळ्या लॉगिनने बसले तरी मशीन एकच आहे, लोकलहोस्ट (म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता) सगळ्यांचा एकच आहे, त्यामुळे जो पहिला टॅली उघडतो त्याच्या टॅलीला ९००० मिळतो आणि बाकी चौघांच्या टॅली उघडतात, व्हाउचर टाकता येतात, सगळं नेहमीसारखं दिसतं पण बाहेरून आलेलं काही त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पाचही जणांची बिलं त्या पहिल्याच्या टॅलीच्या दारात जातात. त्याने जी फर्म उघडली असेल तिची बिलं आत, बाकीच्या फर्म तिथे उघड्याच नाहीत म्हणून एरर. रिइन्स्टॉलनंतर एक दिवस का चाललं, तर सर्व्हर रिस्टार्ट झाला आणि तक्रार करणाऱ्यानेच पहिली टॅली उघडून टेस्ट केली, दुसऱ्या दिवशी दुसरं कोणीतरी आधी आलं.

खात्री करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ज्याचं चालत नाही त्याच्या लॉगिनमध्ये त्याची टॅली पूर्ण बंद करा आणि ब्राऊजरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ९००० टाका. 'टॅलीप्राइम सर्व्हर इज रनिंग' अशी ओळ दिसली, तर उत्तर देणारी टॅली दुसऱ्याचीच आहे, कारण याची तर बंद आहे. मग अॅडमिन लॉगिनने कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट ही कमांड चालवा, एएनओ स्विच लावून (netstat -ano), ९००० च्या लिसनिंगवाल्या ओळीत शेवटी जो आकडा दिसेल तो पीआयडी, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमचा नंबर. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये तोच आकडा शोधा, शेजारी यूजरनेम दिसेल. तिथे टॅलीऐवजी भलताच प्रोग्रॅम दिसला तर तोही पोर्ट अडवून बसलेला असू शकतो, पण तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

उपाय दोन. पहिला म्हणजे प्रत्येकाला वेगळा पोर्ट, ९००१ पासून ९००५ पर्यंत. टॅलीत एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी, तिथे क्लायंट-सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पोर्ट बदलता येतो. पण पाचही जण एकाच फोल्डरमधली टॅली चालवत असतील तर टॅली डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइलही एकच, एकाने बदललेला पोर्ट सगळ्यांचा बदलतो, म्हणून प्रत्येकाला टॅलीचं वेगळं फोल्डर द्यावं लागतं (डेटाचा पाथ मात्र सगळीकडे तोच ठेवा) आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही ज्याचा त्याचा पोर्ट टाकावा लागतो. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट यूजरप्रमाणे ठेवता येतो का ते आधी विचारा, बऱ्याच जणांनी तो कोडमध्येच ९००० लिहून ठेवलेला असतो.

दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरवर एक वेगळं लॉगिन, त्यात एकच टॅली, तिन्ही फर्म उघडून ठेवलेल्या आणि सगळ्यांची बिलं तिच्याकडेच. ती मात्र रोज सगळ्यांच्या आधी उघडायची, आणि त्या लॉगिनमधून साइन आउट करायचं नाही, नुसतं डिस्कनेक्ट करायचं. साइन आउट केलं की टॅली बंद आणि पाचही जण ठप्प. तुमच्या जागी मी हाच घेतला असता, पाच फोल्डर सांभाळणं कटकटीचं आहे, पुढे व्हर्जन अपडेट आलं की पाच ठिकाणी तेच काम.

आता खरं सांगायचंय ते. तुम्हाला येणारा एरर घालवण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि तो कोणी सुचवला तर अजिबात ऐकू नका. बिलिंग सॉफ्टवेअर टॅलीला बिल ज्या फाइलमधून पाठवतं त्या एक्सएमएलमध्ये एसव्हीकरंटकंपनी या टॅगमध्ये फर्मचं नाव जातं, ती ओळ काढली की एरर बंद होतो, कारण मग टॅली बिल समोर जी कंपनी चालू असेल तिच्यातच टाकते. दोन-तीन वर्षांपूर्वी एका खतं-बियाणांच्या डीलरकडे हेच झालं. वडिलांची एक फर्म, मुलाची एक, दुसरी कंपनी बनवताना मास्टर्स पहिलीतूनच आणलेले, म्हणजे पार्टी आणि लेजर (खाती) नावानिशी सारखे. सॉफ्टवेअरवाल्याच्या पोराने ती ओळ काढली, एरर थांबले, सगळे खूश. लेजर नाही म्हणून तरी टॅलीने अडवलं असतं, पण सगळी नावं जुळत होती. अकरा तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायला बसलो तेव्हा मुलाच्या फर्मची चाळीसच्या वर बिलं वडिलांच्या डे बुकमध्ये (रोजच्या नोंदींच्या यादीत) सापडली. तिथल्या अकाउंटंट ताईंनी एकेक बिल कागदाशी लावून काढलं, रात्रीचे साडेअकरा वाजले. मी तेव्हा तिथेच होतो आणि नेमकं काय बदललं हे त्या सॉफ्टवेअरवाल्या पोराला विचारलं नव्हतं, ते मला अजून लागतं.

म्हणून तुमच्याकडे रिइन्स्टॉल करताना त्या ओळीला हात लावला का हे आजच विचारून घ्या, आणि ज्या एका दिवशी 'सगळं नीट चाललं' त्या दिवसाचं तिन्ही फर्मचं डे बुक बिलिंगच्या यादीशी नंबरवारी लावून बघा. नेटस्टॅटमध्ये कोणाचं नाव निघालं तेही इथे टाका, मग पुढचं सांगतो.