पहिला प्रश्न काढून टाक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कोविडच्या तात्पुरत्या रुग्णालयांत राहिलेल्यांसाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते, पण पहिलाच प्रश्न काढून टाक. ‘तात्पुरत्या रुग्णालयातल्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारलंस की बहुतेक जण ‘सगळं छान होतं’ म्हणून मोकळे होतील. जिवावरच्या दुखण्यातून उठलेला माणूस तक्रार करायला कचरतो. हे उत्तर खोटं नसतं, पण पुढच्या साथीत रुग्णालय उभारणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही.

त्याऐवजी रात्रीबद्दल विचार. दिवे मालवत होते का? झोप कशानं मोडायची? वुहानमध्ये फेब्रुवारी २०२० पासून क्रीडागृहं आणि प्रदर्शन केंद्रांत १६ ‘फांगचांग’ म्हणजे तात्पुरती रुग्णालयं उघडली. मार्चच्या सुरुवातीपर्यंत सौम्य ते मध्यम आजाराचे सुमारे १२,००० रुग्ण तिथे राहून गेले. एका छताखाली ओळीनं खाटा म्हटलं की शेजाऱ्याचा खोकला आणि त्याचं फोनवरचं रडणंही आपलंच. पण तोच शेजारी बरा होऊन घरी जाताना दिसला की धीर येतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून येतील. त्यांची सरासरी काढू नकोस.

मग स्वच्छतागृह. किती लांब होतं, ऑक्सिजन लावलेला असताना तिथवर कसे जात होता? ‘जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलात का?’ हे सरळ विचार. लाजायचं काम नाही. आपण लाजलो की समोरचाही गप्प बसतो.

पीपीई किटमध्ये डॉक्टर कोण आणि सफाई कामगार कोण, कळत नाही. म्हणून कित्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांनी किटवर मार्करनं नाव लिहिलं, कुणी स्वतःचा हसरा फोटो छातीवर चिकटवला. रुग्णाला त्यातलं एखादं नाव अजून आठवतं का, बघ. माझ्या मते समाधानाच्या गुणांपेक्षा हे उत्तर जास्त सांगतं.

लंडनच्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात ३ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या नाइटिंगेल या तात्पुरत्या रुग्णालयाची गोष्ट निराळी. ते व्हेंटिलेटर लागणाऱ्या रुग्णांसाठी होतं. गुंगीत ठेवलेल्या माणसाच्या आठवणींत भ्रम मिसळतात: आपल्याला डांबून ठेवलंय, मुखवटेवाले जिवावर उठलेत. ‘तसं काही झालं नव्हतं’ म्हणून त्याला दुरुस्त करायला जाऊ नकोस. घडलं काय हे केसपेपरवर मिळेल, त्याच्यावर काय गुदरलं हे फक्त त्याच्याकडेच आहे. दोन्हीसाठी वेगळे रकाने कर.

जे परत आले नाहीत त्यांची बाजू नातेवाइकांकडूनच कळेल. बातमी कुणी दिली, कोणत्या शब्दांत दिली, सामान परत मिळालं का, एवढंच विचार आणि थांब. मधेच सांत्वन करू नकोस.

नवा खर्डा पाठव, दोन पानी असला तरी पुरे. कुणाला बोलताना दम लागत असेल तर मुलाखत दोन बैठकांत घे.

तुझे,
सर