मुठीच्या आत काय आहे?

कॅम्पिंगचे बेत ठरू लागले की घडी न होणाऱ्या, म्हणजे फिक्स्ड ब्लेड चाकूंबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांनी चाकू आधीच घेतलेला असतो आणि शंका नंतर येते. क्रम उलटा असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

प्रश्न: पातं किती लांब आणि जाड असावं?

लांबी १० ते १३ सेंटिमीटर, जाडी ३ ते ४ मिलिमीटर. सहा मिलिमीटरची पट्टी हातात भारदस्त वाटते, पण तिने काठी तासायला बसलात की हात भरून येतो.

प्रश्न: लोहचुंबक चिकटलं तर कार्बन स्टील, नाही चिकटलं तर स्टेनलेस, असं मित्र म्हणतो. खरं का?

नाही. चाकूसाठी वापरलं जाणारं जवळजवळ सगळं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं. अजिबात चिकटत नसेल तर ते बहुधा भांड्यांच्या जातीचं स्टील असतं. त्याला पाणी देऊन (म्हणजे तापवून झटकन थंड करून) कडक करता येत नाही, त्यामुळे धारही टिकत नाही. मित्राला कळवा.

प्रश्न: मी एक सर्व्हायव्हल चाकू पाहिला आहे. मूठ पोकळ असून आत काड्यापेटी, गळ आणि दोरा मावतो, टोपणात होकायंत्र आहे, पाठीवर करवतीचे दात आहेत. एकात सगळं मिळतं. घेऊ का?

नको. हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चाकूचं पातं मुठीपाशी संपत नाही, ते मुठीच्या आत जातं. या आतल्या भागाला टँग म्हणतात. पातं लाकडात अडकतं आणि तुम्ही मूठ पिळता, तेव्हा सगळा ताण पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे येतो. टँग मुठीइतका लांब-रुंद असेल (फुल टँग) तर तो ताण पूर्ण लांबीवर पसरतो. पोकळ मुठीत मात्र टँगला जागाच उरत नाही. स्वस्त मालात पात्याचं आखूड बूड नळीत घालून पिनेने, नटाने किंवा नुसत्या गोंदाच्या भरवशावर बसवलेलं असतं. दुकानात ते छान घट्ट लागतं. जंगलात ते सुटतं, आणि सुटलेलं पातं कुठे जाईल हे तुमच्या हातात नसतं.

फुल टँग आहे एवढ्यावरही थांबू नका. पातं टँगला मिळतं तिथला आतला कोपरा गोलसर हवा. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यापासून चीर सुरू होते, कारण ताण तिथेच गोळा होतो. हा कोपरा मुठीखाली झाकलेला असतो आणि जाहिरातीतल्या फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून मूठ बसवण्याआधीचा फोटो मागा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो. जो ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. मूठ प्लास्टिकची ओतीव असेल तर टँगची लांबी-रुंदी कंपनीकडून लेखी घ्या. अर्धा टँग असलेले काही चाकू तासण्या-कापण्याच्या कामाला उत्तम असतात. त्यांच्या पाठीवर दांडका ठोकून ओंडका फाडायचा नाही, एवढंच.

राहिलं होकायंत्र. पोलादाला खेटून बसलेली सुई दिशा नीट कशी दाखवणार? आणि ते करवतीचे दात लाकूड कापण्यापेक्षा पात्यावर मारायचा दांडकाच जास्त खातात. काड्यापेटी खिशात ठेवा. तरी हाच घ्यायचा असेल, तर निदान एखाद्या चाकू बनवणाऱ्याला दाखवून घ्या.

प्रश्न: ‘सर्जिकल स्टील ४४०, कडकपणा ६२’ असं लिहिलं आहे. चांगला ना?

‘सर्जिकल’ ही स्टीलची ठरावीक प्रत नाही, ते विकायचं विशेषण आहे. ४४० च्या पुढे अक्षर कुठे आहे? ४४०ए मध्ये कार्बन सुमारे ०.७ टक्के, ४४०सी मध्ये १ टक्क्याच्या आसपास. फरक धारेत कळतो. अक्षर गाळलेलं असेल तर स्वस्तातलं धरून चाला. रॉकवेल सी या कडकपणाच्या मापाने ५६ ते ६० हा दणकट कामाचा पल्ला. त्याहून कडक पातं धार जास्त धरतं, पण आडवा ताण आला की कडेचे टवके उडू शकतात. शिवाय स्टील कितीही भारी असो, पाणी नीट दिलेलं नसेल तर नाव वाया. विक्रेत्याला पाणी कुणी दिलं ते विचारा आणि उत्तर काय येतं ते बघा.

प्रश्न: गेल्या मोसमापासून मूठ किंचित हलते. पुढच्या आठवड्यात कॅम्प आहे. टेप गुंडाळली तर चालेल?

गेल्या मोसमापासून! टेपने हलणं फक्त दिसेनासं होतं. आत रिव्हेट सैल आहे, गोंद सुटला आहे की टँगला चीर गेली आहे, हे मूठ उघडल्याशिवाय कळत नाही. आजच कारागिराकडे द्या. वेळेत झाला नाही तर हा चाकू घरी ठेवा.

प्रश्न: ग्राइंडरवर धार लावल्यावर कडेला निळसर छटा आली. धुतल्यावर जाईल का?

छटा गेली तरी नुकसान जात नाही. निळा रंग म्हणजे कड साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली. चाकूच्या बहुतेक साध्या कार्बन स्टीलचा कडकपणा तेवढ्या उष्णतेत उतरतो. मग धार लावावी आणि ती लगेच बोथट व्हावी, असं चालतं. निळा भाग थोडाच असेल तर दगडावर पाणी घालत घासून काढता येतो, पण किती काढायचा हे जाणकाराला ठरवू द्या. शेकोटीत चाकूने निखारे उकरणाऱ्यांनीही हे उत्तर वाचावं.

प्रश्न: फेरो रॉडवर (घासून ठिणग्या पाडायच्या कांडीवर) चाकूच्या पाठीने ठिणगी पडत नाही.

पाठीची कड काटकोनी आणि टोकदार हवी. तुमची गोल केलेली असणार. पण म्हणून धारेच्या बाजूने घासू नका.

प्रश्न: चाकू कातडी म्यानातच ठेवला तर चालतं ना?

प्रवासात हो, कपाटात नाही. कातडं ओल धरतं आणि कार्बन स्टील त्यात गंजतं. पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवा. म्यान घेताना, चाकू उलटा धरून हलवल्यावर निसटतो का ते पाहा, खाली कुणाचा पाय नसताना.

प्रश्न: बिल आहे म्हणजे चाकू सोबत नेता येतो ना?

बिल म्हणजे परवाना नव्हे. पात्याची लांबी आणि तो उघड्यावर बाळगणं, यांचे नियम प्रदेशागणिक बदलतात आणि राखीव जंगलात आणखी कडक असू शकतात. जिथे जाणार तिथल्या पोलिसांना आणि वनखात्याला निघण्याआधी विचारा. विमानात केबिनच्या बॅगेत तो चालत नाही. म्यानात घालून, वर गुंडाळून चेक-इन सामानात द्या, तेही विमान कंपनीला विचारून.