‘मेथड १०’ म्हणजे दहावी आवृत्ती नव्हे

प्रश्न : आमची छोटी पतसंस्था आहे, पाच काउंटर. दिवाळीनंतर नवा सर्व्हर घेतला आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवरून १४ वर आलो. तीन काउंटर व्यवस्थित चालतात. उरलेल्या दोन जुन्या संगणकांवर लॉगिन केलं की ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ असं येतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी चार वेळा पासवर्ड बदलून दिला. आता म्हणतात, सर्व्हरवरच्या पीजी-एचबीए फाइलमध्ये (कोणाला कसं आत घ्यायचं हे ती ठरवते) ‘ट्रस्ट’ लिहा, कटकट मिटेल. लिहू का? — एक वाचक, कराड

उत्तर : अजिबात नको. ‘ट्रस्ट’ लिहिलं की त्या ओळीत बसणाऱ्या कुठल्याही संगणकावरून कोणीही, कुणाच्याही नावाने, पासवर्डशिवाय आत येतो. लोकांच्या ठेवी ज्या डेटाबेसमध्ये आहेत, तिथे हे चालणार नाही.

तुमचा पासवर्ड पहिल्यापासून बरोबरच असणार. सर्व्हरचा लॉग उघडून पाहा. पासवर्ड चुकला असता तर तशी नोंद तिथे दिसली असती. तुमच्याकडे ती सापडणार नाही, कारण गाडी पासवर्डपर्यंत पोचतच नाही. सर्व्हर क्लायंटला, म्हणजे काउंटरवरच्या संगणकाला, एक आकडा पाठवून सांगतो की ओळख कशी पटवायची. ५ म्हणजे जुनी एमडी५ पद्धत आणि १० म्हणजे नवी, स्क्रॅमवाली. ही नवी पद्धत २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत आली आणि २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून पासवर्ड आपोआप तिच्यातच साठवले जातात. १० हा आकडा दोन्हीकडे आला हा निव्वळ योगायोग, पण त्याने भलेभले फसतात. पासवर्ड चार वेळा बदललात, चारही वेळा तो स्क्रॅममध्येच साठवला गेला.

दोष आहे त्या दोन संगणकांवरच्या ‘लिबपीक्यू’ या लायब्ररीचा. सर्व्हरशी बोलायचं काम तीच करते, आणि ९.६ किंवा त्याआधीच्या लिबपीक्यूला स्क्रॅम कळत नाही. कुणीतरी नवी लायब्ररी टाकली असेलही, पण जुनी न काढता. मग विंडोजला जी आधी सापडेल ती.

इथे मी स्वतः खाल्लेली ठोकर सांगतो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, ऐन गळीत हंगामात, हाच संदेश आला होता. मी दोन तास ‘पाथ’मधला, म्हणजे विंडोज फाइली जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीतला, क्रम बदलत बसलो. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्याला लागली आणि आत काटेवाला माझ्याकडे बघत उभा. विंडोज आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, पाथ सगळ्यात शेवटी. आणि जुनी लिबपीक्यू त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच निवांत बसली होती!

म्हणून तुम्ही अंदाज करू नका. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर प्रोसेस एक्सप्लोरर हा चालू प्रोग्रॅम तपासायचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. लॉगिनचा संदेश पडद्यावर असतानाच तो उघडा, तुमचा प्रोग्रॅम निवडा आणि खालच्या भागात डीएलएलची, म्हणजे प्रोग्रॅमने उचललेल्या लायब्ररींची, यादी लावा. लिबपीक्यू नेमकी कुठल्या फोल्डरातून उचलली आहे, हे पूर्ण पत्त्यासह दिसतं. मग तीच यादी चालणाऱ्या काउंटरवर पाहा. चांगला संगणक शेजारीच आहे हे तुमचं नशीब. मला वजनकाट्यावर तेही नव्हतं. पत्ता जुन्या पोस्टग्रेसच्या ‘बिन’ फोल्डरचा निघाला तर जुनं क्लायंट काढून टाका. ९.६ ची देखभाल नोव्हेंबर २०२१ मध्येच थांबली आहे.

नवी लायब्ररी टाकताना एकटी लिबपीक्यू उचलून आणू नका. तिला सोबतच्या लिबएसएसएल, लिबक्रिप्टो वगैरे फाइलीही लागतात, त्याही त्याच आवृत्तीच्या. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर हा सगळा संच ३२ बिटचाच हवा. जुन्या काउंटर सॉफ्टवेअरमध्ये हे फार आढळतं. आणि कृपा करून विंडोजच्या सिस्टिम३२ या सामायिक फोल्डरमध्ये काही टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याच प्रोग्रॅमबद्दल मला पत्र लिहाल.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल आणि काउंटर बंद ठेवता येत नसतील, तर तात्पुरता मार्ग आहे. पीजी-एचबीएमध्ये नुसतं एमडी५ लिहून भागत नाही. पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवलेला असेल तर सर्व्हर तरीही स्क्रॅमच मागतो. ‘पासवर्ड एन्क्रिप्शन’ची सेटिंग एमडी५ करून पासवर्ड नव्याने द्यावा लागतो. चारदोन दिवस ठीक. एमडी५ मध्ये साठवलेला मजकूर चोरीला गेला तर मूळ पासवर्ड माहीत नसतानाही आत शिरता येतं, आणि अठराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसही त्याबद्दल इशारा देऊ लागलं आहे.

आणि हो, ते चार पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले असतील, तर सगळं सुरळीत झाल्यावर पाचवा तुम्हीच ठरवा.